ट्राम, रेल्वे आणि आकाशातली लहर

मंडळी, रेल्वेसाठी किती वाट बघावी लागते हे जालनेकरांना सांगायला नको. म्हणून खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीमुळे पुणे-नाशिक रेल्वेचा ठरलेला मार्ग अडला, तेव्हा 'दुर्बिणीसाठी रेल्वे का अडवायची?' हा प्रश्न रास्तच वाटतो. उत्तर जुनं आहे.

1945 मध्ये बर्नार्ड लोवेल मँचेस्टरमध्ये रडार लावून वैश्विक किरणांचा माग काढत होते. विजेच्या ट्रामच्या खरखरीपुढे काही कळेना. शेवटी बाडबिस्तरा उचलून ते शहराबाहेर जॉड्रेल बँकला गेले.

वैश्विक किरण हवेवर आदळला की कणांचा पाऊस पडतो. त्याचं गणित 1937 मध्ये आपल्या होमी भाभांनी हाइटलरसोबत मांडलं. या पावसातले इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन पृथ्वीच्या चुंबकत्वाने विरुद्ध बाजूंना वळतात आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती रेडिओलहर उठते. ती पहिल्यांदा पकडली 1965 मध्ये, त्याच जॉड्रेल बँकला!

जीएमआरटीच्या 45 मीटरच्या 30 तबकड्या आकाशातल्या अशाच क्षीण रेडिओलहरी ऐकतात. त्यांनाही तीच शांतता लागते. रेल्वे हवीच. पण रूळ वळवता येतात, गोंगाटात बुडालेली लहर परत ऐकता येत नाही. म्हणून नकाशा आखतानाच अशा जागा बाजूला ठेवायला हव्यात. तुम्हाला काय वाटतं?