चॅप्लिनचं रक्त आणि बापाचा शोध

बाळाची आई कोण, हे सुईण सांगू शकते. बाप कोण, हे सांगायला साक्षीदार नसतो. मग तो ठरवायचा कसा? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत, आणि सुरुवात करू अमेरिकेतल्या एका गाजलेल्या खटल्यापासून.

१९४३ साली जोन बॅरी नावाच्या तरुण अभिनेत्रीने चार्ली चॅप्लिनवर दावा लावला. होणाऱ्या बाळाचा बाप चॅप्लिनच, असं तिचं म्हणणं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुलगी झाली. पुढे तिघांचंही रक्त तपासलं. आईचा गट ए, मुलीचा बी, चॅप्लिनचा ओ.

आता हे नीट लक्षात घ्या. रक्तगट लँडस्टायनरने १९०१ मध्ये मांडले, आणि ते आईबापांकडून मुलांत उतरतात हे १९१० मध्ये दाखवलं गेलं. ए गटाच्या आईकडे बी नाही. म्हणजे मुलीतला बी बापाकडूनच यायला हवा. ओ गटाच्या माणसाकडे तो कुठून असणार? विज्ञानाच्या दृष्टीने खटला तिथेच संपला होता.

पण न्यायालयात तो संपला नाही. कॅलिफोर्नियात तेव्हा रक्ततपासणी हा इतर पुराव्यांसारखाच एक पुरावा होता, निर्णायक नव्हता. पहिल्या खटल्यात ज्यूरीचा निर्णय होऊ शकला नाही. दुसऱ्या वेळी, एप्रिल १९४५ मध्ये, बारापैकी अकरा जणांनी चॅप्लिनला बाप ठरवलं. तान्ह्या मुलीला ज्यूरीपुढे आणून चेहरा ताडून पाहायला लावलं होतं, म्हणजे प्रयोगशाळेपेक्षा नाकडोळे भारी ठरले! मुलगी २१ वर्षांची होईपर्यंत दर आठवड्याला ७५ डॉलर द्यायचा आदेश झाला. पुढे १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून अशा तपासणीला निर्णायक मान दिला, पण चॅप्लिनला त्याचा उपयोग नव्हता.

ज्यूरी अडाणी होती, असं म्हणून हा विषय सोडून देता येईल. पण मला वाटतं, ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. रक्त विचारत होतं, बीज कोणाचं? ज्यूरी विचारत होती, या पोरीला पोसणार कोण?

हे दोन प्रश्न आपल्याकडेही फार जुने आहेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज मोठं की क्षेत्र, असा सरळ वादच आहे. तिथे पुत्रांचे बारा प्रकार येतात आणि त्यातला एक आहे 'गूढोत्पन्न'. घरात मूल जन्मलं, बाप कोण ते कळत नाही, तर ते आईच्या नवऱ्याचं धरायचं. मूल वाऱ्यावर पडू द्यायचं नाही.

आता १८७२ चा भारतीय पुरावा कायदा पाहा. मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडिताचा, म्हणजे मनूशी काही संबंध नाही. पण कलम ११२ सांगतं: वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचं औरस. त्या काळात नवराबायकोला एकत्र येणं शक्यच नव्हतं हे सिद्ध केलं, तरच सुटका. वाट निराळी, मुक्काम जवळजवळ तोच.

मग १९८४ मध्ये लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएची ओळखपद्धत सापडली. फरक काय पडला? रक्तगट फक्त 'हा नाही' असं सांगू शकत होता. बी गटाचे पुरुष जगात कोट्यवधी. डीएनए पहिल्यांदाच 'हाच' असं जवळजवळ खात्रीने सांगू लागला. भारतात हैदराबादच्या लालजी सिंग यांनी हे तंत्र न्यायालयापर्यंत नेलं.

तरीही वाद मिटला नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रक्ततपासणीचा आदेश सहजासहजी द्यायचा नाही. २०१४ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, डीएनए अहवाल उलट सांगत असताना कायद्याचं गृहीत धरून नवऱ्यावर बापपण लादता येणार नाही, असा निकाल लागला. आणि २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने पुन्हा विवाहातल्या औरसपणाच्या गृहीतकाचीच बाजू उचलून धरली. नव्या साक्ष अधिनियमातही ते कलम, ११६ हा क्रमांक घेऊन, कायम आहे.

यात गोंधळ दिसतो खरा. पण नवऱ्याला खरं कळण्याचा हक्क आहे, तसाच मुलाला एका सकाळी अचानक बिनबापाचं न ठरण्याचाही हक्क आहे. बीज कोणाचं, हे आता थोड्या दिवसांत कळतं. जबाबदारी कोणाची, हे कुठल्याही अहवालात लिहून येत नाही. ते समाजाने ठरवायचं असतं, आणि ठरवताना एवढं विसरू नये, की या सगळ्या खटल्यात ज्याला कोणी काही विचारत नाही, तो पक्षकार पाळण्यात आहे.