ओट्यावरची जागा : वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी



बेळगाव-निपाणी परिसरातील जुन्या घरांत सोप्याला मान असे. घरातील वडीलधारे माणूस तेथे बसे, वाटेने जाणाऱ्याची विचारपूस करी, नातवंडांची भांडणे मिटवी. त्याला स्वतंत्र खोली नसे. परंतु त्याची जागा ठरलेली असे. पुढे मुले नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला गेली, सोप्यांना भिंती आल्या, आणि उतारवयात राहावे कोठे, हा प्रश्न आपल्याही गावांत उभा राहिला. त्या संदर्भात बाळकृष्ण दोशी यांचे जीवनकार्य आठवणे मला अगत्याचे वाटते.

दोशींचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ रोजी पुण्यात, लाकडी सामानाचा व्यवसाय करणाऱ्या गुजराती घराण्यात झाला. आई तान्हेपणीच निवर्तली. आजोबांच्या एकत्र कुटुंबात ते वाढले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण, पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली उमेदवारी आणि १९५४ पासून अहमदाबाद ही कर्मभूमी, असा त्यांचा प्रवास झाला.

त्यांची कीर्ती वृद्धाश्रमांवर उभी नाही. पिढ्या बदलल्या तरी माणसाला घर सोडावे लागू नये, ही दृष्टी मात्र त्यांच्या वसाहतींत दिसते. अहमदाबादेत १९७३ साली आयुर्विमा महामंडळासाठी बांधलेल्या वसाहतीत तळमजल्यावर मोठे घर, त्यावर लहान, सर्वांत वर त्याहून लहान आणि पुढे गच्ची, अशी रचना आहे. निरनिराळ्या मिळकतीची कुटुंबे एकाच जिन्याने ये-जा करतात. कुटुंब वाढले की घरही वाढवता येते. इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांना जोते, पाणी आणि संडास-न्हाणी तयार मिळे. उरलेले घर त्यांनी ऐपतीप्रमाणे उभारायचे. तेथील नमुन्याच्या ८० घरांना दोशींनी ओटे दिले. या वसाहतीला १९९५ साली आगाखान पुरस्कार लाभला.

ओटा म्हणजे आपल्या सोप्याचाच भाऊबंद. वृद्धाला खोली बांधून देणे फारसे कठीण नाही. त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांत ठेवणे कठीण. दूर गेलेली मुले कोणताही आराखडा परत आणू शकत नाही, हे खरे. तरी शेजाऱ्याची हाक ऐकू येईल इतपत दार तो उघडे ठेवू शकतो.

वयाच्या नव्वदीत, २०१८ साली, प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे दोशी हे पहिले भारतीय ठरले. २४ जानेवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. विद्यार्थिमित्रहो, उद्या तुम्ही घर बांधाल तेव्हा गवंड्याला एवढे अवश्य विचारा : आजी-आजोबा बसणार कोठे?