आठवड्याला दोन तास

1984 साली नॉटिंगहॅमच्या संशोधकांचा एक लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि ब्रिटनमध्ये वाचोपचाराच्या उपयुक्ततेवरच प्रश्नचिन्ह लागलं. पक्षाघातानंतर अफेझिया झालेल्या, म्हणजे भाषाच हातची गेलेल्या तीनशेहून अधिक रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला 24 आठवडे, आठवड्याला दोन तास उपचार. दुसऱ्याला उपचार नाहीत. शेवटी दोन्ही गट सारखेच सुधारलेले दिसले. 1982च्या आणखी एका ब्रिटिश चाचणीतही प्रशिक्षित तज्ज्ञांचे रुग्ण आणि स्वयंसेवकांचे रुग्ण यांच्यात फरक आढळला नव्हता. हे निष्कर्ष फेटाळणं किंवा मुकाट मान्य करणं, दोन्ही सोपं होतं. या व्यवसायाचं भलं झालं ते तिसऱ्याच प्रश्नामुळे: तपासलं ते नेमकं काय? नॉटिंगहॅमच्या चाचणीत ठरलेली अनेक सत्रं प्रत्यक्षात झालीच नव्हती. शिवाय उपचारात काय चालतं ते पाहा. कपाचं चित्र दाखवल्यावर रुग्ण ओठांशी हात नेऊन पिण्याची खूण करतो, पण शब्द फुटत नाही. तज्ज्ञ नुसता 'क' उच्चारतो आणि 'कप' बाहेर पडतो. उद्या हाच शब्द त्या आधाराविना यावा, यासाठी तो पुन्हा पुन्हा घोटून घ्यावा लागतो. आठवड्यातल्या दोन तासांत असे कितीसे शब्द घोटून होणार?

यावर रास्त आक्षेप आहे. उपचार फसला की 'मात्रा कमी पडली' म्हणायचं, ही तर कायमची पळवाट झाली. माझ्या मते मात्रेची शंका तपासली गेली नसती, तर ती पळवाटच ठरली असती. 2003मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जुन्या चाचण्या ताडून पाहिल्या. यशस्वी चाचण्यांत आठवड्याला सरासरी जवळपास नऊ तास उपचार होते, अयशस्वी चाचण्यांत दोनच. तरीही वेगवेगळ्या चाचण्यांची ही तुलना म्हणजे भक्कम धागा; सिद्धता नव्हे. 2017मध्ये जर्मनीतल्या 19 केंद्रांनी दीडशेहून अधिक रुग्णांवर थेट प्रयोग केला. आजाराला सहा महिने उलटून गेले होते, त्यामुळे आपोआप होणाऱ्या सुधारणेचा गोंधळ बराच टळला. तीन आठवडे, दर आठवड्याला किमान दहा तास उपचार झाल्यावर रोजच्या व्यवहारातलं बोलणं, वाट पाहणाऱ्या गटाच्या तुलनेत, स्पष्टपणे सुधारलं.

मग सगळ्यांना दहा तास द्यावेत का? इथे मला सावधगिरी हवीशी वाटते. त्या चाचणीत सत्तरीपर्यंतचेच रुग्ण होते, आणि अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2016च्या कॉक्रन आढाव्यात जास्त तासांच्या उपचारांतून अधिक रुग्ण मधेच गळाल्याचंही नोंदलं आहे. ऐंशीच्या, लवकर थकणाऱ्या आजींसाठी जर्मन आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. तज्ज्ञाला त्यांची ताकद पाहून आणि घरच्यांशी बोलून तास ठरवावे लागतात, आणि शिकवलेले शब्द काही आठवड्यांनी चित्र दाखवून, पण पहिला आवाज न देता, पुन्हा तपासावे लागतात.