चार्ली चॅन: चिनी गुप्तहेराचा स्वीडिश चेहरा

१९३१ साली होनोलुलूत ‘द ब्लॅक कॅमल’ या रहस्यपटाचे चित्रीकरण चालू होते. साठीच्या घरातला, किरकोळ अंगकाठीचा एक पोलीस अधिकारी ते पाहायला आला. त्याचे नाव चँग अपाना. कॅमेऱ्यापुढचा नट ज्या चिनी गुप्तहेराची भूमिका करत होता, त्या पात्राचे मूळ म्हणजे हाच अपाना, असे सारे शहर मानत असे. नटाचे नाव वॉर्नर ओलंड, जन्म स्वीडनमधला. (थ्रेड)

अपानाचे आयुष्य कोणत्याही पटकथेला पुरून उरले असते. जन्म हवाईतला, बालपणाची काही वर्षे चीनमध्ये, मग हवाईत परतून गुराख्याचे काम. १८९८ मध्ये तो होनोलुलू पोलिसांत दाखल झाला. उंची जेमतेम पाच फूट, आणि हाती पिस्तुलाऐवजी गुरे हाकण्याचा लांब चाबूक! इंग्रजी वाचता येत नसे. चिनी वस्तीतल्या जुगारअड्ड्यांची मात्र खडान्‌खडा माहिती. एका छाप्यात त्याने एकट्याने सत्तर जुगाऱ्यांना पकडून आणले, ही तेथली प्रसिद्ध कथा.

१८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दारे बंद केली होती. रहस्यकथांतला चिनी माणूस म्हणजे फू मांचू: कपटी, क्रूर, जग गिळायला निघालेला. अर्ल डेर बिगर्स या लेखकाला या साच्याचा कंटाळा आला होता. १९२५ मध्ये ‘द हाउस विदाउट अ की’ या कादंबरीत त्याने कायद्याच्या बाजूने उभा राहणारा चिनी गुप्तहेर आणला, चार्ली चॅन. हेतू चांगला होता, हे मान्यच करावे लागते. पण हा चॅन स्थूल, अतिनम्र, विचित्र इंग्रजीत सुभाषिते बोलणारा. अपानाचा चाबूक कादंबरीपर्यंत पोहोचलाच नाही.

१९२६ आणि १९२७ च्या मूकपटांत जॉर्ज कुवा आणि सोजिन कामियामा या जपानी नटांनी चॅन रंगवला. दोन्हींत तो दुय्यम पात्र होता. १९३१ मध्ये फॉक्स कंपनीने चॅनला नायक केले आणि त्याच वेळी ती भूमिका ओलंडकडे गेली. पात्र मध्यभागी आले, आशियाई नट बाजूला झाला. हाच ओलंड दोन वर्षांपूर्वी फू मांचू झाला होता. खलनायक आणि सज्जन, दोन्ही चिनी चेहरे एकाच स्वीडिश माणसाचे!

तरीही गोष्ट इतकी सरळ नाही. १९३६ मध्ये ओलंड शांघायला गेला तेव्हा त्याचे उत्साहाने स्वागत झाले. पडद्यावर चिनी माणूस अखेर गुन्हेगार न राहता गुन्हेगाराला पकडत होता, हे तिथल्या प्रेक्षकांना थोडे वाटले नाही. पुढे शांघायमध्ये चॅनचे चिनी चित्रपटही निघाले आणि त्यांतला चिनी नट ओलंडची नक्कल करत होता.

१९३८ मध्ये ओलंड वारला. त्याच्यानंतर सिडनी टोलर, मग रोलंड विंटर्स. १९४९ पर्यंत मालिका चालली, पण चिनी नटाला मुख्य भूमिका मिळाली नाही. १९३५ पासून केय ल्यूक हा खरा चिनी वंशाचा नट चॅनच्या थोरल्या मुलाचे काम करत होता. सफाईदार अमेरिकन इंग्रजी बोलणारा, उतावळा, वडिलांच्या पुढे पुढे धावून चुका करणारा मुलगा. पुढे फ्रँक चिनसारख्या चिनी-अमेरिकन लेखकांनी चॅनवर कडाडून टीका केली: गोऱ्यांना हवा तसा आज्ञाधारक चिनी, अशी. ल्यूकला ती पटली नाही; त्याच्या लेखी चॅन नायकच होता.

१९७२ मध्ये हॅना-बार्बेरा कंपनीने मुलांसाठी चॅन कुटुंबाची कार्टून मालिका काढली. अमेरिकन पडद्यावर चिनी वंशाच्या माणसाने चार्ली चॅन साकारण्याची ती पहिली वेळ. तो माणूस केय ल्यूक. भूमिका फक्त आवाजाची.