संत्रा बर्फी किती जुनी?

बाहेरगावच्या पाहुण्यानं नागपूरची पारंपरिक मिठाई विचारली की आपण संत्रा बर्फीचं नाव घेतो. दिवाळीच्या डब्यातही ती असतेच. पण ‘पारंपरिक’ म्हणजे किती जुनी?

‘बर्फी’ हा शब्द फारसीतल्या ‘बर्फ’वरून आला. संत्रंही मूळचं इथलं नाही. भोसले घराण्यातल्या रघुजीराजांनी औरंगाबादेहून कलमं आणून बागेत लावली, असं सांगतात. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली होती. पुढे बागा वाढल्या, तसा माल तिच्यावरून दूरच्या बाजारात जाऊ लागला. ही बर्फी देशभर नेणाऱ्या हल्दीराम घराण्याचं मूळ गाव बिकानेर. म्हणजे नाव, फळ आणि हलवाई, तिघेही बाहेरून आलेले!

मग यात नागपूरचं काय? तर ही दोन परकी माणसं एका कढईत नांदवण्याची रीत. संत्र्याचा रस आंबट. उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं. म्हणून पाकळ्यांचे पापुद्रे आणि बिया काढायच्या, नाहीतर आटवताना गर कडू होतो. मग गर साखरेबरोबर घट्ट होईपर्यंत आटवायचा. खवा वेगळा परतून घ्यायचा आणि शेवटी दोन्ही एकत्र करायचे. घाई केली की वडी पडत नाही.

सणाचं गणितही पाहा. पोळ्याला घरोघरी पुरणपोळी. तेव्हा संत्री झाडावर हिरवीगारच असतात. आंबिया बहाराची फळं बाजारात येऊ लागतात ती दिवाळीच्या सुमाराला. पुरणपोळी तव्यावरून थेट ताटात, तुपाबरोबर खायची. बर्फी मात्र डब्यात बसते, प्रवास सोसते. पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकराकडे गाव पाठवायचं, तर तेच सोपं.

तेव्हा परंपरा शंभर वर्षांचीच असली तरी बिघडत नाही. ती हंगामाशी आणि हाताशी बांधलेली असली की पुरे. खरी काळजी वेगळी आहे. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते फळाला. रंग आणि इसेन्स घालूनही नारिंगी वडी तयार होते, आणि तीही ‘संत्रा बर्फी’ म्हणूनच विकता येते. त्यात ना बागाईतदाराचा वाटा, ना हंगामाचा.

म्हणून यंदा डबा घेताना भाव विचारण्याआधी एवढंच विचारा: दादा, यात गर आहे का?