गोधडीचा पहिला चौकोन

आजीचे सुती लुगडे एकदाच कापता येते. म्हणून गोधडी शिकू पाहणाऱ्यांनी पहिला चौकोन साध्या मांजरपाटाचा शिवावा. पश्चिम महाराष्ट्रातील वाकळीत तुकडे हाती येतील तसे बसवले जातात; पण नवशिक्याला मापच बरे. साडेचार इंच बाजूचे नऊ चौरस कापून, प्रत्येक शिवणीला पाव इंच माया सोडून तीन-तीनच्या ओळी जोडाव्यात. मग ओळी एकमेकींना. बाजू साडेबारा इंच भरली नाही, तर दोष बहुधा कात्रीचा नसून शिवणीचा असतो.

हात बसल्यावर लुगडे घ्यावे, विरलेला भाग टाळावा. त्यात नवे सुती कापड मिसळायचे झाल्यास ते आधी धुऊन आटवावे, अन्यथा पहिल्याच धुण्यात चौकोन आक्रसतो. घाम न शोषणारे नायलॉन वर्ज्यच. खाली जुन्या धोतराचे थर अंथरून ते कच्च्या टाक्यांनी धरावेत, मग कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत यावे.