इंजिन बंद, खेळ बंद

कारंजा तालुक्यातल्या आमच्या धनजच्या जुन्या माणसांच्या गोष्टींत तंबू टॉकीज हटकून येते. पिकं घरात आली की आसपासच्या जत्रांत तंबू लागायचा. दिवसा गाडीला भोंगा बांधून गावोगाव जाहिरात फिरायची आणि रात्री इंजिनाच्या विजेवर खेळ चालायचा. आमच्या घरातले हमाली करणारे आबाजी सांगत, एका जत्रेत माणसं दाटीवाटीनं बसली, अंधार पडला, पण इंजिन सुरूच होईना. बिघाड काहीच नव्हता. इंजिनवाला, ऑपरेटर, खुंटे ठोकणारे गडी आणि दारावर तिकिटं फाडणारा पोरगा असे सगळे बाहेर मातीत बसून होते. मागच्या जत्रेपासूनची त्यांची मजुरी मालकानं अडवली होती.

लोक आधी चिडलेच. इतक्यात आबाजींसोबतचा एक हमाल उठला. "अबे, आपली मजुरी अडली तं आपन पोतं उचलतो काय?" एवढंच तो बोलला आणि बाहेर जाऊन त्या गड्यांशेजारी बसला. मग एकेक करत बरेच जण उठले. तिकिटाचे पैसे परत मागायची वेळ आली, तेव्हा मालकानं पेटी उघडली. खेळ मध्यरात्रीकडे सुरू झाला आणि त्या रात्रीचा सिनेमा कुणीच विसरलं नाही, असं आबाजी म्हणायचे. सिनेमाचं नाव मात्र त्यांना कधीच आठवलं नाही.

आबाजींची हमाली कारंजाच्या कापूस बाजारात होती. तिथला कापूस शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरला आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांकडे जाई. त्यांनी गिरणगाव कधी पाहिलं नाही, पण तिथल्या संपाच्या बातम्या ते भावकीतल्या बातम्यांसारख्या ऐकत. त्या गिरणगावात 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघंही गिरणीत राबलेले होते. कामगाराचं दुःख त्यांनी दुरून पाहून गायलं नाही, म्हणूनच त्यांच्या पोवाड्याला एवढी धार होती. सरकारची बंदी सोसूनही ते गात राहिले. त्याच वस्तीत खानावळी चालवणाऱ्या बायकांनी 1970च्या दशकातल्या संपात कामगारांना उधारीवर जेवू घातलं आणि त्या बायकांतूनच 1975 साली प्रेमाताई पुरव यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. शाहिराचा डफ आणि त्या बायकांचं ताट, या दोन्हींवर संप तगतो.

पुढे कलेच्या धंद्यातलीच माणसं संपावर गेली. 1 ऑक्टोबर 2008 रोजी मुंबईच्या सिने कामगार महासंघानं काम थांबवलं. त्यात लाइटमन होते, स्पॉटबॉय होते, सेट उभारणारे सुतार, रंगभूषाकार, नाचणाऱ्या मुली आणि ज्युनियर आर्टिस्टही होते. पैसे वेळेवर मिळत नव्हते आणि शिफ्ट संपता संपत नव्हती. मोठमोठ्या नटांची चित्रीकरणंही तीन दिवस अडली. नोव्हेंबरमध्ये मजुरीवरून पुन्हा ताणलं आणि हिंदी वाहिन्यांवर मालिकांचे जुनेच भाग दिसू लागले.

धनजमध्ये तेव्हा भारनियमन पाचवीला पुजलेलं. वीज असेल त्या वेळात मालिका पाहायची, आणि तीही शिळी! शेजारपाजारच्या बायका कुरकुरल्या. आमची आजी मात्र शांत होती. ती म्हणाली, "आपल्याले जुनं पाहा लागते तं पाहू. त्याइच्या घरी काय शिजते, ते कोनं पाहिलं?" तिचा भाऊ नागपूरच्या एका गिरणीत होता आणि तिथल्या संपात धनजहून ज्वारी गेली होती. पोतं कुणी शिवलं, एसटीच्या टपावर कुणी चढवलं, हे सगळं तिला पाठ होतं. 2023 साली अमेरिकेतले पटकथालेखक आणि नट 1960 नंतर प्रथमच एकाच वेळी संपावर गेले. ते वाचताना मला आजीचंच बोलणं आठवलं.

सिने कामगारांसाठी 1981 साली कायदा झाला. लेखी करार सक्तीचा झाला आणि पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या चित्रपटगृहांना भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. तमाशाच्या फडातली माणसं मात्र आजही हंगामाआधीच्या उचलीवर बांधलेली आहेत. 2020 साली ऐन यात्रांच्या दिवसांत टाळेबंदी आली आणि कनात बांधणाऱ्यापासून ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांची मिळकत एकदम थांबली. आमच्या घरात याचं उत्तर जुनंच आहे. हमालांसाठी महाराष्ट्रानं 1969 साली माथाडी कायदा केला. मालक मजुरीवर ठरावीक लेव्ही माथाडी मंडळात भरतो आणि त्यातून हमालाचा फंड, बोनस, औषधपाणी निघतं. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे काम करणाऱ्यांसाठीच ही रचना आहे. फडातल्या माणसाचं कामही आज या गावच्या सुपारीवर, म्हणजे खेळाच्या ठरावावर, उद्या त्या गावच्या. मग प्रत्येक सुपारीमागे अशी लेव्ही का घेऊ नये? यात्रा कमिटीनं सुपारी देतानाच ती भरावी, आणि सुरुवात आमच्या कारंजा तालुक्यातल्या गावांनी करावी.